पेपर संपले, आता लेकराला झोपू द्या

नागपुरात डिसेंबर आला की थंडी, विद्यापीठाची हिवाळी परीक्षा आणि विधिमंडळाचं अधिवेशन एकदमच येतं. अधिवेशनासाठी रस्ते अडवतात, बस वळवतात, म्हणून साडेनऊच्या पेपरची पोरं सात वाजताच घर सोडतात, बहुतेक उपाशीपोटीच. सकाळी आम्ही नळावर उभ्या असतो तेव्हा ती समोरून जातात. हातात झेरॉक्सचे कागद, ओठ उललेले, डोळ्यांखाली काळं. पेपर कसा गेला हे संध्याकाळी सगळी गल्ली विचारते. रात्री झोपलास किती, दिवसभर पाणी किती प्यायलास, हे विचारणारं कुणी नसतं.

नर्सिंगची पदविका घेऊन आम्ही बारा-तेरा वर्षं वॉर्डात काढली, मग नोकरी सोडून वस्तीत काम करू लागलो. वॉर्डात पेशंट दिसत होता. तो तिथवर का आला, ते इथं दिसतं.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट सांगतो. आमच्याच गल्लीतली मुलगी, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. नाव देत नाही, पण तिला विचारूनच लिहितो आहोत. बाप सेंट्रिंगच्या कामावर, माय चार घरची धुणीभांडी करते, आजी आहे, लहान भाऊ आहे. घर म्हणजे एक खोली आणि पुढं टिनाची पडवी. दहाला टीव्ही बंद व्हायचा, तेव्हा हिचा अभ्यास सुरू व्हायचा, तो दोनपर्यंत. पाचला नळ येतो म्हणून पाचला उठायचं. सिलिंडर महिना पुरला पाहिजे म्हणून गार पाण्यानंच आंघोळ. कपभर चहा, दोन टोस्ट, आणि निघाली. कॉलेजच्या मुलींच्या संडासाला कडी नव्हती, म्हणून ही सकाळपासून दुपारी घरी येईपर्यंत पाण्याचा घोटही घेत नव्हती. तीन पेपर असेच दिले. हे सगळं आम्हाला नंतर कळलं.

तिसऱ्या पेपरच्या संध्याकाळी गुडघे दुखायला लागले. आजी म्हणाली, "थंडीनं दुखत असंन माय, तेल लाव." बाप म्हणाला, "बाबासाहेब अठरा-अठरा तास बसत होते, अन् तुहे चार तासांत पाय दुखते काय वं?" तो रागानं बोलला नव्हता. पोरीवर जीव आहे त्याचा. तिच्या फीसाठी त्यानं व्याजानं पैसे काढले होते. पोरगी गप्प बसली आणि पुस्तक उघडून रात्रभर वाचत राहिली. चौथा पेपर दिला. त्या रात्री मांड्या आणि कंबर अशी धरली की तिची किंकाळी आमच्या घरापर्यंत ऐकू आली. ऑटो करून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला काही आजार आहे का? माय काही बोलली नाही. थोड्या वेळानं तिनं आम्हाला बाहेर बोलावलं आणि पदरात तोंड लपवून सांगितलं. पोरगी नववीत असताना शाळेत रक्त तपासलं होतं. सिकलसेल निघाला होता, एसएस. कार्डही मिळालं होतं. ते कार्ड पाच वर्षं लोखंडी पेटीत, लग्नातल्या शालूखाली होतं. "लोकाइले समजलं तं पोरीचं लगन कसं होईन, सिस्टर?" पोरीला घरच्यांनी एवढंच सांगितलं होतं की तुझं रक्त कमी आहे.

सलाईन, ऑक्सिजन, वेदनेचं औषध. पाच दिवस गेले आणि दोन पेपर बुडाले.

आपल्या विदर्भात आदिवासी भावंडांमध्ये आणि आपल्या बौद्ध समाजात हा आजार पिढ्यानपिढ्या आहे. वस्तीत जवळपास प्रत्येकानं हे नाव ऐकलेलं असतं, पण त्याचा अर्थ फार थोड्यांना माहीत असतो. चांगली तांबडी पेशी गोल आणि मऊ असते, बारीकशा नळीतूनही वाकून निघून जाते. सिकलसेलमध्ये त्या पेशीतलं हिमोग्लोबिनच वेगळं असतं. शरीरात पाणी कमी पडलं, थंडी लागली, ताप आला, जागरण आणि दगदग झाली, की ती पेशी विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते. असे विळे एकमेकांत अडकले की रक्ताची वाट बंद होते, आणि ज्या हाडाला, ज्या सांध्याला रक्त मिळत नाही तिथून कळा उठतात. चांगली पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही जेमतेम १० ते २० दिवस. म्हणून अशा मुलांचं रक्त कायम कमी असतं, डोळे पिवळसर दिसतात, ती लवकर थकतात.

आता त्या पोरीचा परीक्षेचा दिवस पुन्हा आठवून पाहा. गार पाणी, रिकामं पोट, सात-सात तास तहान, तीन तासांची झोप, मनावर ताण. पेशीला वाकडं करणारं जे जे असतं, ते सगळं आपण तिच्या वेळापत्रकात घातलं होतं.

हे लिहिताना आमचीही एक चूक सांगितली पाहिजे. नोकरीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी आमच्या नाइट ड्यूटीत एक मुलगा भरती होता, अकरावी-बारावीतला. दर दोन तासांनी बेल वाजवायचा, इंजेक्शन द्या म्हणायचा. त्याला सूज नाही, जखम नाही, ताप नाही. आम्ही आपसात बोललो, याला इंजेक्शनची सवय लागलेली दिसते. एकदा त्याला ऐकू जाईल असंही बोललो. तो सिकलसेलचा होता. ही कळ बाहेरून दिसत नाही, आणि हाड मोडल्याइतकी, कधी त्याहूनही जास्त असते, हे आम्ही पुस्तकात शिकलो होतो. त्या रात्री ते आठवलं नाही. म्हणून आजीला किंवा बापाला बोल लावायला आमची जीभ उचलत नाही. शिकलेल्या माणसालाही हे नाटक वाटतं.

बापाचं ते अठरा तासांचं वाक्य मात्र आम्ही सोडणार नाही. ते आपल्या घराघरात बोललं जातं. जयंतीला, महापरिनिर्वाण दिनाला सलग १८ तास अभ्यासाचे उपक्रम होतात, पोरं हौसेनं बसतात. वर्षातून एक दिवस बाबासाहेबांच्या नावानं ग्रंथालय भरतं, याचा आनंद आम्हालाही होतो. पण तोच आकडा परीक्षेच्या महिन्यात रोजचं माप म्हणून पोरांपुढं ठेवायचा, हे आम्हाला मान्य नाही. बाबासाहेबांनी लंडनला अर्धपोटी राहून अभ्यास केला, हे आपण अभिमानानं सांगतो. त्यांना पुढं मधुमेह झाला, रक्तदाब होता, पायांच्या वेदनांनी ते हैराण असत, आणि वयाच्या ६५ व्या वर्षी ते गेले, हेही सांगायला हवं. १९४८ मध्ये त्यांचं लग्न झालं तेव्हा माईसाहेब डॉक्टर होत्या आणि त्यांच्या आजारपणात त्यांनीच औषधपाणी पाहिलं. त्यांचा अभ्यास आपण घ्यावा. त्यांच्या शरीराचे झालेले हाल पोरांना वारसा म्हणून देऊ नयेत.

आणि चरित्रातली दुसरी गोष्ट आपण का सांगत नाही? मुंबईत परळच्या चाळीत राहत असताना जागा एवढी अपुरी होती की पोरगा निवांत अभ्यास करायचा तर दुसऱ्या कुणाला आडवं होता येत नव्हतं. सुभेदार रामजींनी काय केलं? भीमरावांना रात्री लवकर झोपवलं. स्वतः दोन वाजेपर्यंत जागे राहिले. दोनला पोराला उठवून दिव्यापाशी बसवलं आणि मग आपण झोपले. म्हणजे त्या बापानं आधी लेकराच्या झोपेची सोय लावली, आणि त्यासाठी स्वतःची झोप मोडली. आमच्या एका खोलीच्या घरांना उपयोगी पडेल अशी ही गोष्ट आहे. टीव्ही दहाऐवजी आठला बंद झाला तर पोरगी बारापर्यंत वाचून झोपू शकते. अठरा-वीस वर्षांच्या मुलाला सात ते नऊ तास झोप लागते, त्याहून लहानांना आठ ते दहा. वाचलेलं झोपेतच डोक्यात पक्कं होतं. रात्रभर जागून वाचलेलं पेपरला बसल्यावर निसटतं, हा अनुभव सगळ्यांनी घेतलेला आहे.

पाण्याचं म्हणाल तर सिकलसेलच्या मोठ्या मुलामुलीनं दिवसाला तीन लिटरच्या आसपास पाणी प्यावं. एक लिटरची बाटली तीनदा भरायची, साधा हिशोब आहे. लघवी पिवळीजर्द झाली की पाणी कमी पडलं असं समजायचं. कॉलेजच्या संडासाला कडी नसेल तर पोरीला तहानेलं ठेवणं हा उपाय नाही. चार पालकांनी जाऊन प्राचार्यांना अर्ज द्यावा. आम्ही दिला. कडी बसायला अकरा दिवस लागले, पण बसली. आंघोळीला पाणी कोमट करावं, सिलिंडरचा हिशोब दुसरीकडं काटावा. आणि थंडी वाजते म्हणून दार-खिडकी लावून खोलीत कोळशाची शेगडी ठेवून कुणीही अभ्यासाला बसू नये, मग त्याला सिकलसेल असो वा नसो. तो धूर दिसत नाही, त्याचा वास येत नाही, आणि झोपेतच माणूस जातो.

मुलींसाठी एक गोष्ट जरा उघड बोलतो. परीक्षेत पाळी येऊ नये म्हणून मेडिकलमधून पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या आणून घेतात, मायलाही सांगत नाहीत. डॉक्टरला न विचारता त्या घेऊ नका. सिकलसेल असेल तर रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका आधीच जास्त असतो. तसंच अंग दुखतं म्हणून दुकानातून मिळेल ती दुखण्याची गोळी रोज घेणंही चुकीचं आहे. शरीरात पाणी कमी असताना त्यातल्या बऱ्याच गोळ्या मूत्रपिंडाला मारतात. मुलांमध्ये एक त्रास असा असतो की लिंग ताठ होऊन तासन्‌तास उतरत नाही आणि भयंकर दुखतं. लाजेनं पोरं सांगत नाहीत. हाही सिकलसेलचाच त्रास असू शकतो, आणि तेव्हा लाजत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा. ताप, छातीत दुखणं, धाप लागणं, एकाएकी हात-पाय लुळा पडणं किंवा बोलताना जीभ अडखळणं, यातलं काहीही झालं तर पेपर राहू द्या. पेपर उन्हाळी परीक्षेत देता येतो.

आता सुट्टी. पेपर संपल्यापासून नाताळापर्यंत आणि पुढं नवं सत्र लागेपर्यंत जे काही दिवस मिळतात, त्यांचं आपल्या घरांत काय होतं ते पाहतो आहोत. पोरगा शेवटच्या पेपरच्या रात्रीच केटरिंगला जातो. लग्नसराई असते, रात्री दोनपर्यंत उभं राहून ताटं उचलायची, चार-पाचशे रुपये मिळतात. काम करू नको म्हणण्याचा हक्क आम्हाला नाही. शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही आणि फी थांबत नाही. एवढंच म्हणतो की लागोपाठ रात्री धरू नयेत, आणि मालकानं जेवायला दिल्यावर उभ्या उभ्या चार घास न कोंबता बसून जेवावं. पोरीची सुट्टी वेगळी असते. ती घरी दिसली की गोधड्या धुवायला निघतात, मोठ्या बहिणीचं बाळंतपण तिच्यावर येतं, आणि माय आणखी एक घर धरते. काहींच्या घरी याच दिवसांत स्थळं येतात. वसतिगृहातून आलेली मुलगी आठ दिवसांत परत जाते ती आली होती त्याहून थकून.

आमचं म्हणणं असं आहे की परीक्षेनंतरचे पहिले तीन दिवस पोराला, पोरीला कुणी उठवू नये. नंतर कामं आहेतच.

आणि याच दिवसांत एक सकाळ दवाखान्यासाठी काढावी. कॉलेज चालू असताना पोरं येत नाहीत, हजेरी बुडते म्हणतात. रक्तातलं हिमोग्लोबिन तपासावं. मुलींचं १२ च्या आणि मोठ्या मुलांचं १३ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे असं धरतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला होता, म्हणजे दहातल्या सहाजणींना. सोबत सिकलसेलची सोल्युबिलिटी चाचणी करून घ्यावी, आणि ती पॉझिटिव्ह आली तर पुढची इलेक्ट्रोफोरेसिस. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते, आणि देशपातळीवर २०२३ पासून त्यासाठी मिशनही सुरू आहे. एक सूचना महत्त्वाची आहे. शाळेत, अंगणवाडीत आठवड्याची लोहाची निळी गोळी मिळते, ती बाकीच्या मुलींनी जरूर घ्यावी. पण सिकलसेल एसएस असेल तर लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच. काहींच्या शरीरात लोह आधीच जास्त साठलेलं असतं. त्यांना बहुधा फोलिक अ‍ॅसिड देतात, आणि गरज असेल त्यांना हायड्रॉक्सियुरिया, जी डॉक्टरांच्या देखरेखीखाली रोज न चुकवता घ्यायची असते.

ज्यांना नुसताच रक्तक्षय आहे त्यांच्यासाठी हिवाळा स्वस्ताईचा आहे. मेथी, हरभऱ्याचा पाला, तीळ, गूळ-शेंगदाणे, महिन्यातून दोनदा कलेजी, जमेल तेव्हा अंडं. जेवणासोबत आवळा किंवा लिंबू, आणि संत्री तर आपल्या दारात विकायला येतात. चहा मात्र जेवणाआधी किंवा नंतर तासभर नको, तो लोह अंगी लागू देत नाही. अभ्यासाच्या नावाखाली रात्री चार-चार कप चहा होतो आणि जेवण टळतं, तिथंच सगळं बिघडतं.

रिपोर्टवर एएस आलं तर घाबरू नये. तो वाहक असतो, त्याला सहसा काही त्रास होत नाही. एएस आणि एएस यांचं लग्न झालं तर प्रत्येक मुलाच्या वेळी चारातून एक शक्यता एसएसची असते. म्हणून लग्नाआधी दोघांनीही तपासून घ्यावं. पत्रिका जुळवणं आपण सोडलं. त्या जागी रक्ताचे दोन कागद शेजारी ठेवले तर कुणाचा अपमान होत नाही. हा आजार मागच्या जन्मीचा भोग नाही आणि मायचा दोषही नाही. तो माय आणि बाप दोघांकडून येतो. मलेरियाच्या मुलखात वाहक माणसं गंभीर मलेरियातून जास्त वाचली, म्हणून तो पिढ्यांमधून टिकून राहिला. आपल्या आजा-पणज्यांना ज्यानं वाचवलं, तेच आता नातवंडांना छळतं आहे.

आणि कार्ड लपवल्यानं पोरीचा हक्कही लपतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. सरकारी मंडळाकडून तपासून प्रमाणपत्र मिळालं तर त्यातल्या टक्केवारीप्रमाणे परीक्षेत जादा वेळ आणि इतर सवलती मागता येतात. त्यासाठी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नसतो, सुट्टीतच कागद करावे लागतात.

त्या मुलीनं राहिलेले दोन पेपर उन्हाळ्यात दिले. सुटली. या वर्षी तिच्या मायनं कार्ड पेटीतून काढून वेळापत्रकाशेजारी भिंतीला लावलं आहे. ते पाहून एक स्थळ परत गेलं, हेही खरं आहे. माय त्या रात्री जेवली नाही. बापानं सकाळी उठून चुलीवर पाणी ठेवलं, पोरीच्या आंघोळीसाठी. आता ते काम त्याचंच झालं आहे.

आमच्या विहाराच्या अभ्यासिकेत या महिन्यात आम्ही दोन गोष्टी मांडल्या. एक, पिण्याच्या पाण्याचा मोठा माठ आणि संडासाला कडी. ते लगेच झालं. दुसरी, रात्री अकराला दिवे बंद. त्यावर मात्र पोरं चिडली. एक मुलगा म्हणाला, "सिस्टर, घरी जागाच नाही, इथून उठवलं तं आम्ही वाचू कुठं?" तो खोटं बोलत नव्हता. कमिटीतले काही जण म्हणतात, ज्यांना दुसऱ्या दिवशी पेपर नाही त्यांच्यासाठी उघडी ठेवावी. आम्ही म्हणतो, मग पहाटे चारला उघडा, पोरं आधी झोपून येतील. चारला उठून कुलूप कोण काढणार, यावर गाडं अडलं आहे. तीन बापांनी आळीपाळीनं यायची तयारी दाखवली आहे. चौथा हवा आहे. रविवारी वंदनेनंतर पुन्हा बैठक आहे.